ब्रिटनमधील पोलिसांचे धाडस आणि कर्तव्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पोलिस बघत उभे राहिले’ अशी बातमी ब्रिटनमध्ये आली की दोन बाजू लगेच पडतात. एका बाजूला म्हणतात, पूर्वीचे पोलिस असे नव्हते. दुसऱ्या बाजूला म्हणतात, नियमांनी त्यांचे हात बांधले आहेत. दोन्ही बोलण्यांत थोडे खरे आहे आणि बरेच ऐकीव आहे. पोलिसाने नेमके काय करणे बंधनकारक आहे, लोक काय अपेक्षा धरतात आणि या दोहोंतले अंतर कसकसे बदलत गेले, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सचा कायदा धरला आहे. स्कॉटलंडचा उल्लेख आहे तिथे तसे म्हटले आहे.

पोलिसाने जीव धोक्यात घालून दुसऱ्याला वाचवलेच पाहिजे, असा कायदा आहे का?

नाही. ‘प्राण द्यावा’ असे ब्रिटनचा कोणताही कायदा पोलिसाला सांगत नाही. पण ‘कर्तव्यच नाही’ असेही नाही. भरती होताना प्रत्येक कॉन्स्टेबल शपथ घेतो. तिचा आशय असा: राजाची सेवा न्यायबुद्धीने, सचोटीने, मेहनतीने आणि निःपक्षपातीपणे करीन, मूलभूत मानवी हक्कांची जपणूक करीन, सर्वांचा सारखा मान राखीन, आणि माझ्या ताकदीनुसार शांतता राखीन व लोकांविरुद्धचे आणि मालमत्तेविरुद्धचे गुन्हे रोखीन.

यातला ‘माझ्या ताकदीनुसार’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. ताकद म्हणजे अंगातले बळ, हातातले साधन, मिळालेले प्रशिक्षण आणि त्या क्षणी समोर दिसणारी परिस्थिती, हे सगळे मिळून. ‘तू मेला का नाहीस’ असे पोलिसाला कोणी विचारू शकत नाही. ‘तुला जे करता येत होते ते तू का केले नाहीस’ हे मात्र विचारता येते, आणि विचारले जाते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ब्रिटिश कॉन्स्टेबल हा कायद्याच्या भाषेत नोकरदार नाही, पदाधिकारी आहे. अटकेचा अधिकार त्याचा स्वतःचा असतो. तो वापरला किंवा वापरला नाही, याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते. ‘साहेबांनी सांगितले नव्हते’ एवढ्यावर त्याची सुटका होत नाही.

मग पोलिस नुसता बघत राहिला तर काय होते?

याचे सर्वात स्पष्ट उत्तर 1979 च्या डायथॅम खटल्यात आहे. मार्च 1977 मधली रात्र, एकच्या सुमाराची वेळ, सेंट हेलेन्समधल्या एका नाइटक्लबच्या बाहेरचा रस्ता. क्लबबाहेर काढलेल्या एका माणसाला लाथाबुक्क्यांनी तुडवले जात होते. गणवेशातला कॉन्स्टेबल तीसेक यार्डांवर, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस मीटरवर उभा होता. आरडाओरडा त्याला ऐकू येत होता. तो पुढे झाला नाही. माणूस मेला. सगळे शांत झाल्यावर कॉन्स्टेबलने हेल्मेट नीट केले, ‘माझी ड्यूटी संपते आहे’ असे जवळच्यांना सांगितले आणि गाडीने निघून गेला.

‘सार्वजनिक पदावरील गैरवर्तन’ या जुन्या गुन्ह्याखाली तो दोषी ठरला. अपील फेटाळले गेले. दंड झाला 150 पौंड. आजच्या नजरेला तो तुटपुंजा वाटतो, आणि आम्हालाही वाटतो. पण खटल्याने घालून दिलेला नियम पक्का आहे: समोर गुन्हा घडत असताना, काही करणे शक्य असताना, सबळ कारणाशिवाय आणि जाणूनबुजून हात बांधून उभे राहणे हा पोलिसासाठी गुन्हा आहे. नुसती चूक किंवा गोंधळ झाला तर हा गुन्हा होत नाही, दुर्लक्ष हेतुपुरस्सर असावे लागते. या गुन्ह्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे.

फौजदारी खटल्यापर्यंत जाणारी प्रकरणे थोडी. बाकीची शिस्तभंगाच्या वाटेने जातात. 2020 च्या आचरण नियमांत दहा मानके आहेत. ‘कर्तव्ये आणि जबाबदाऱ्या’ हे त्यांतले एक. त्यात कुचराई गंभीर ठरली तर नोकरी जाते. स्कॉटलंडमध्ये कर्तव्यात कसूर करणे हा 2012 च्या कायद्याखाली स्वतंत्र गुन्हाच आहे.

पूर्वी लोकांची अपेक्षा काय होती?

रॉबर्ट पील गृहमंत्री असताना 1829 मध्ये लंडनचे मेट्रोपॉलिटन पोलिस दल उभे राहिले आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला पहिली गस्त निघाली. निळा कोट, उंच टोपी, लाकडी दंडुका. लष्कराचा लाल रंग मुद्दाम टाळला होता, कारण रस्त्यावर सैन्य फिरते आहे असे लोकांना वाटू द्यायचे नव्हते. या दलाचे पहिले काम गुन्हा होऊ न देणे हे होते, आणि त्यासाठी पोलिस ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या वेळी दिसला पाहिजे होता. धाडस अपेक्षित होतेच, पण ते रोजच्या कामात मुरलेले. दारुड्यांची मारामारी सोडवायची, पिसाळलेला घोडा अडवायचा, अंधाऱ्या गल्लीत एकट्याने शिरायचे.

त्या काळी कर्तव्य एकतर्फी नव्हते, हे आज विसरले जाते. कॉन्स्टेबलने शांतताभंग रोखण्यासाठी मदत मागितली आणि धडधाकट माणसाने कारणाशिवाय नकार दिला, तर तो गुन्हा. 1841 च्या ब्राउन खटल्यात हे ठरले. पोलिस एकटा लढेल आणि बाकीचे कडेला उभे राहून पाहतील, ही कल्पना त्या लोकांना पटली नसती.

‘हेल्थ अँड सेफ्टी’मुळे पोलिस मागे राहतात, हे खरे आहे का?

अर्धवट खरे, आणि बहुतांशी गैरसमजातून आलेले. 1974 चा कामावरील सुरक्षेचा कायदा सुरुवातीला पोलिसांना लागू नव्हता, कारण ते नोकरदार नव्हते. 1997 च्या कायद्याने तो लागू केला आणि जुलै 1998 पासून अंमल सुरू झाला. पुढे एका संशयिताचा पाठलाग करताना एक कॉन्स्टेबल छतातून कोसळून मरण पावला, आणि आणखी एक जण तशाच प्रकारे जखमी झाला. त्यावरून 2003 मध्ये लंडनचे तेव्हाचे पोलिस कमिशनर आणि त्यांच्या आधीचे कमिशनर यांच्यावर ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयात खटला चालला. दोघांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. पण भीती दलात पसरली ती पसरलीच. आपला माणूस छतावर चढला तर आपण कोर्टात उभे राहू, असे अधिकाऱ्यांच्या मनात बसले. मग वरून सूचना येऊ लागल्या: थांबा, आढावा घ्या, मदतीची वाट पाहा.

गोष्टी हाताबाहेर जात आहेत हे ओळखून 2009 मध्ये आरोग्य व सुरक्षा प्रशासनाने पोलिस नेतृत्वासह एक निवेदन काढले. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक पोलिस ठाण्यात भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. पहिली: एखाद्या पोलिसाने दुसऱ्याला वाचवण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला, तर त्याच्यावर कारवाई केली जाणार नाही. दुसरी: एखाद्याने अवाजवी धोका पत्करला नाही, तर त्यासाठीही त्याला धरले जाणार नाही. म्हणजे कायद्याने धाडसाला मनाई केलेली नाही आणि धाडसाची सक्तीही केलेली नाही.

या कायद्याचा खरा फटका बसतो तो संस्थेला. 22 जुलै 2005 रोजी स्टॉकवेल स्थानकात निरपराध ज्याँ शार्ल्स द मेनेझेस यांना दहशतवादी समजून गोळ्या घातल्या गेल्या. कोणत्याही एका पोलिसावर खटला झाला नाही. मेट्रोपॉलिटन पोलिस ही संस्था मात्र 2007 मध्ये याच सुरक्षा कायद्याखाली दोषी ठरली आणि तिला 1 लाख 75 हजार पौंड दंड झाला. स्कॉटलंडमध्ये जुलै 2015 मध्ये एम-9 महामार्गालगत कोसळलेल्या गाडीची खबर फोनवर आली. फोन घेतला गेला, पण नोंद संगणकात गेलीच नाही. गाडी तीन दिवस तिथेच पडून होती. आतली तरुणी तोवर जिवंत होती, तिचा मृत्यू नंतर इस्पितळात झाला. 2021 मध्ये पोलिस स्कॉटलंडला 1 लाख पौंड दंड झाला. तिथे कमी पडले ते धाडस नव्हते. एक नोंद करायची राहून गेली होती.

तळ्यात मूल बुडत असेल तर पोलिसाने उडी मारली पाहिजे का?

हा प्रश्न मे 2007 पासून ब्रिटनच्या मनातून गेलेला नाही. विगनजवळच्या एका तळ्यात सावत्र बहिणीला वाचवताना दहा वर्षांचा मुलगा बुडाला. सायकलवरून आलेले दोन पीसीएसओ (पोलिसांचे मर्यादित अधिकारांचे मदतनीस) पाण्यात उतरले नाहीत. मुलगा तोवर पाण्याखाली दिसेनासा झाला होता. दलाने सांगितले की त्यांना पाण्यातल्या बचावाचे प्रशिक्षण नव्हते. सप्टेंबरमध्ये मृत्यूची न्यायिक चौकशी झाली आणि देशभर संताप उसळला. ‘प्रशिक्षण नव्हते’ हे उत्तर कागदावर बरोबर होते, तरी लोकांच्या काळजाला ते पटले नाही. गणवेश पाहिला की लोक आधार शोधतात. त्या आधाराच्या आत प्रशिक्षणाची यादी असते, हे त्या क्षणी कोणाच्या ध्यानात येणार?

याच्या शेजारी डिसेंबर 2022 चे सोलिहल ठेवून पाहा. गोठलेल्या तळ्याचा बर्फ फुटून मुले आत पडली. पोलिस पाण्यात उतरले. एकाने नुसत्या मुठीने बर्फ फोडायचा प्रयत्न केला आणि त्याला स्वतःला थंडी बाधून इस्पितळात न्यावे लागले. चार मुले तरीही वाचली नाहीत.

दोन्ही प्रसंगांचे व्यावहारिक अंग असे. 15 अंश सेल्सियसखालच्या पाण्यात पडताच शरीराला धक्का बसतो, श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि त्यातच पाणी फुप्फुसात जाते. पट्टीचा पोहणाराही पहिल्या मिनिटातच बुडू शकतो. त्यात चिलखती जाकीट, बूट आणि पट्ट्यावरची साधने असतील तर पोलिस तळाला जायला वेळ लागत नाही. म्हणून योग्य क्रम असा: 999 या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन, बुडणाऱ्याला ‘पाठीवर तरंग’ असे ओरडून सांगणे, दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेकणे, आडवे झोपून काठी पुढे करणे, आणि पाण्यात उतरणे अगदी शेवटी. हे सांगणारा भित्रा ठरत नाही. बचावासाठी पाण्यात उतरलेल्यालाच नंतर बाहेर काढावे लागते, असे वारंवार होते.

पीसीएसओ म्हणजे पोलिसच ना?

नाही. पोलिस कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर हे पद 2002 च्या कायद्याने आले. त्याला कॉन्स्टेबलची शपथ नसते, अटकेचे पूर्ण अधिकार नसतात, दंडुका आणि टेझर (विजेचा झटका देणारे हत्यार) नसतो. पण जाकिटावर ‘पोलिस’ शब्द असतो, आणि बघणारा तेवढेच वाचतो. जुलै 2024 मध्ये साउथपोर्टच्या नृत्यवर्गात चाकूहल्ला झाला तेव्हा आधी आत शिरलेल्या तिघांत एक पीसीएसओ होता. त्याच्या हातात काहीही नव्हते.

बिनशस्त्र पोलिसाने सशस्त्र हल्लेखोराला भिडावे अशी अपेक्षा रास्त आहे का?

आधी आकडा लक्षात घ्या. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 1 लाख 47 हजार पोलिस आहेत आणि त्यांतले सुमारे 6 हजार बंदूक बाळगण्यास पात्र आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र पोलिस नेहमीच सशस्त्र असतात. बाकीच्या ठिकाणी साध्या गस्तीवरच्या पोलिसाकडे घडीचा दंडुका, बेड्या, डोळ्यांत फवारायचे द्रव्य, चाकूरोधक जाकीट, रेडिओ आणि अंगावरचा कॅमेरा असतो. प्रशिक्षण घेतलेले असेल तर टेझरही. एवढ्यावर चाकूधारी तिघांसमोर जायचे म्हणजे काय, हे 3 जून 2017 च्या रात्री लंडन ब्रिजवर दिसले. ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसचे वेन मार्केस फक्त दंडुका घेऊन तिघांवर धावून गेले. डोक्याला, हाताला, पायाला वार झाले आणि एका डोळ्याची दृष्टी काही काळ गेली. पहिल्या फोननंतर आठ मिनिटांच्या आत सशस्त्र पथकाने हल्लेखोरांना ठार केले. मार्केस यांना जॉर्ज मेडल हे शौर्यपदक मिळाले.

त्याच वर्षी 22 मार्चला वेस्टमिन्स्टरमध्ये कॉन्स्टेबल कीथ पामर बिनशस्त्र होते आणि संसदेच्या फाटकावर मारले गेले. सगळा हल्ला 82 सेकंदांचा. न्यायिक चौकशीत पुढे आले की फाटकाजवळ फिरायला हवे असलेले दोन सशस्त्र पोलिस त्या वेळी तिथे नव्हते. नेमके कुठे उभे राहायचे, याच्या सूचनाच स्पष्ट पोहोचल्या नव्हत्या. ते तिथे असते तर कदाचित पामर वाचले असते, असा निष्कर्ष मुख्य कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची न्यायिक चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने काढला.

तेव्हाचे प्रभारी पोलिस कमिशनर क्रेग मॅकी त्या वेळी आवारात गाडीत होते. अंगात शर्ट, जवळ ना रेडिओ ना संरक्षक साधन, सोबत दोन बिगरपोलिस सहकारी. गाडीची दारे बंद करून ते आतच थांबले आणि मग तिथून निघाले. 2018 च्या चौकशीत हे बाहेर आल्यावर त्यांच्यावर टीकेची झोड उठली. आमचे मत असे: त्या क्षणी बाहेर येऊन ते पामर यांना वाचवू शकले असते, असे मानायला आधार नाही. पण लोकांचा राग समजण्यासारखा होता. दलाचा प्रमुख आपल्या माणसाच्या बाजूला उभा दिसावा, ही अपेक्षा नियमावलीत लिहिलेली नसते, तरी ती खरी असते.

मराठी वाचकाला इथे गिरगाव चौपाटीवर लाठीनिशी कसाबला भिडलेले तुकाराम ओंबळे आठवणारच. ही आठवण उगाच नाही. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतरच ब्रिटनने ‘फिरत्या बंदूकधाऱ्यां’साठीचा आराखडा नव्याने बांधला. ‘ऑपरेशन प्लेटो’ हा त्याचाच भाग. सशस्त्र गस्तगाड्यांनी घेराव घालून वाट न पाहता थेट हल्लेखोराच्या दिशेने जायचे, हा बदल त्यातून आला.

सशस्त्र पोलिस ते काम नाकारू शकतात का?

होय. बंदुकीचे काम स्वेच्छेचे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये लंडनमधील एका गोळीबारावरून एका सशस्त्र पोलिसावर खुनाचा आरोप ठेवला गेला, तेव्हा शंभराहून अधिक जणांनी आपले परवाने खाली ठेवले आणि लष्कराला तयार राहायला सांगावे लागले. ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले. त्यानंतर अशा खटल्यात दोषी ठरेपर्यंत पोलिसाचे नाव जाहीर न करण्याची तरतूद आणण्याचे सरकारने सांगितले. दोन्हीकडचे दुखणे खरे आहे. गोळी चालवणाऱ्याला उत्तर द्यावेच लागेल, आणि उत्तर मिळायला वर्षे लागली तर पुढच्या वेळी गोळी चालवायला कोणी पुढे येणार नाही.

मँचेस्टर अरीनाच्या वेळी पोलिस कमी पडले ते भीतीमुळे का?

नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवे. 22 मे 2017 रोजी रात्री 10 वाजून 31 मिनिटांनी मँचेस्टर अरीना या कार्यक्रमांच्या सभागृहात बॉम्बस्फोट झाला. 22 जणांचे प्राण गेले. रेल्वे पोलिस आणि मँचेस्टरचे पोलिस काही मिनिटांत आत शिरले, दुसरा बॉम्ब असेल की नाही हे माहीत नसताना. आत गेलेल्यांच्या हिमतीवर चौकशीत कोणीही बोट ठेवलेले नाही.

चुकले ते आधी आणि बाजूला. स्फोट झाला त्या ‘सिटी रूम’ नावाच्या दालनात त्या वेळी एकही रेल्वे पोलिस नव्हता. त्या संध्याकाळी दोघांनी जेवणाची सुटी दोन तासांहून लांबवली होती. नियंत्रण कक्षात एकाच ड्यूटी अधिकाऱ्यावर इतकी कामे येऊन पडली की त्याने ‘प्लेटो’ जाहीर केल्याचे अग्निशमन दलाला आणि रुग्णवाहिका सेवेला कळवलेच नाही. अग्निशमन दल घटनास्थळी पोहोचायला दोन तास सहा मिनिटे लागली. जखमींपैकी एकाचा जीव योग्य उपचार वेळेवर मिळाले असते तर बहुधा वाचला असता, असे चौकशीने म्हटले. त्याच अधिकाऱ्याने नियम बाजूला ठेवून बिनशस्त्र पोलिसांना आतच राहू दिले, आणि तो निर्णय योग्य होता असेही त्याच चौकशीने नोंदवले. एकाच माणसाची एक चूक आणि एक हिंमत, दोन्ही एकाच रात्रीत.

999 ला फोन केला, पोलिस उशिरा आले आणि नुकसान झाले. भरपाई मिळते का?

बहुतेक वेळा नाही, आणि लोकांना सर्वात मोठा धक्का इथेच बसतो. 5 ऑगस्ट 2009 ची पहाट. कार्डिफमधल्या एका महिलेने 2 वाजून 29 मिनिटांनी 999 केला. आधीच्या जोडीदाराने तिला मारहाण केली होती आणि तो परत येऊन मारणार आहे, असे ती सांगत होती. मोबाइलचा फोन शेजारच्या ग्वेंट दलाकडे गेला. त्यांनी तो ‘तातडीचा’ ठरवला, पण साउथ वेल्सला कळवताना जिवाच्या धमकीचा भाग गळला. तिथे तो साठ मिनिटांच्या वर्गात टाकला गेला. 2.43 ला दुसरा फोन आला, त्यात किंकाळी. 2.51 ला पोलिस पोहोचले, तोवर तिचा खून झाला होता.

2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 मतांनी सांगितले की हलगर्जीपणाच्या कायद्याखाली पोलिस तिला बांधील नव्हते. तिसऱ्याने केलेल्या गुन्ह्यापासून संरक्षण दिले नाही म्हणून सामान्य कायद्यात भरपाई नाही, हा 1988 च्या हिल खटल्यापासूनचाच मार्ग. दोन न्यायाधीशांचे विरोधी मत वाचताना आम्हाला आजही तेच अधिक न्याय्य वाटते. मानवी हक्कांचा दावा मात्र पुढे चालू ठेवला गेला.

आजची स्थिती अशी:

विशिष्ट व्यक्तीच्या जिवाला खरा आणि लगेचचा धोका आहे हे पोलिसांना माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, आणि त्यांनी वाजवी उपाय केले नाहीत, तर मानवी हक्क कायद्याखाली दावा लावता येतो. ही कसोटी 1998 च्या ऑस्मन खटल्यातली. गंभीर गुन्ह्याचा तपास ढिसाळ झाला तर 2018 च्या ‘डीएसडी’ नावाच्या खटल्यातल्या निकालाचा आधार आहे. पोलिसांनी स्वतःच्या कृतीने इजा केली तर साधा हलगर्जीपणाचा दावा चालतो: हडर्सफील्डमध्ये अटकेच्या झटापटीत रस्त्याने जाणारी 76 वर्षांची बाई खाली पडली, आणि 2018 मध्ये रॉबिन्सन खटला तिच्या बाजूने लागला. 2024 च्या टिंडल खटल्यात मात्र, बर्फाळ रस्त्यावरचा धोक्याचा फलक पोलिसांनी काढून नेला आणि नंतर तिथेच प्राणघातक अपघात झाला, तरी त्या प्रकरणातल्या तथ्यांवर पोलिस जबाबदार ठरले नाहीत.

मुदती सांभाळा. मानवी हक्कांच्या दाव्याला साधारण एक वर्ष, शारीरिक इजेच्या दाव्याला तीन वर्षे. वकील गाठेपर्यंत पहिली मुदत निघून गेलेली असते, ही नेहमीची चूक.

मग 999 वर नेमके काय सांगावे?

वरच्या प्रकरणातून शिकायचे ते हेच. पत्ता आणि पोस्टकोड आधी. मग धोका एका वाक्यात: ‘तो मला जिवे मारीन म्हणाला आहे आणि परत येतो आहे.’ फोन दुसऱ्या ऑपरेटरकडे गेला तर तेच वाक्य पुन्हा सांगा, आधीच्याने पुढे पोहोचवले असेल असे धरू नका. हत्यार असेल, मुले घरात असतील, आधीची तक्रार असेल, तर लगेच सांगा. घटना क्रमांक मागून लिहून ठेवा. परिस्थिती बिघडली तर पुन्हा फोन करून ‘आता बिघडली आहे’ असे म्हणा, म्हणजे दर्जा बदलला जातो. इंग्रजी अडत असेल तर ‘मराठी’ एवढा शब्द बोला, दुभाष्याची सोय होऊ शकते.

बोलता येत नसेल तर मोबाइलवरून विचारणा झाल्यावर 55 दाबा. त्याने फोन पोलिसांकडे जातो, पण तुमचे ठिकाण आपोआप कळते असे मात्र समजू नका.

मानसिक आजाराच्या फोनवर पोलिस येत नाहीत, हे खरे का?

सरसकट नाही. हंबरसाइड पोलिसांनी सुरू केलेली ‘राइट केअर, राइट पर्सन’ पद्धत जुलै 2023 च्या राष्ट्रीय करारानंतर देशभर पसरली, लंडनमध्ये त्याच वर्षी 1 नोव्हेंबरपासून. जिवाला किंवा गंभीर इजेचा तातडीचा धोका असेल किंवा गुन्हा घडत असेल तर पोलिस येतात. ‘दोन दिवस फोन उचलत नाही’ किंवा ‘वॉर्डातून निघून गेला’ एवढ्यावर आरोग्यसेवेकडे पाठवतात. वेड्याबागड्या अवस्थेतल्या माणसाला गणवेशाची भीतीच वाटते, हे कारण पटण्यासारखे आहे. अडचण अशी की पोलिसांनी पाऊल मागे घेतले तिथे आरोग्यसेवेचे पाऊल पुढे पडलेच असे नाही. त्यामुळे फोन करताना धोका काय आहे ते ठोसपणे सांगा. ‘काळजी वाटते’ या शब्दांवर गाडी सुटत नाही.

नव्या आचारसंहितेत ‘धैर्य’ म्हणजे काय अभिप्रेत आहे?

कॉलेज ऑफ पोलिसिंग या पोलिसांची व्यावसायिक मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या 2024 च्या आचारसंहितेत तीन तत्त्वे आहेत: धैर्य, आदर आणि सहवेदना, आणि लोकसेवा. पहिल्या शब्दाचा रोख छतावर चढण्यावर कमी आणि शेजारच्या सहकाऱ्याला ‘हे चुकते आहे’ म्हणण्यावर जास्त आहे.

हे एका रात्रीत आलेले नाही. 1989 मध्ये हिल्सबरो फुटबॉल मैदानावरच्या चेंगराचेंगरीत अखेर 97 जण गेले, आणि पोलिसांचे जबाब बदलले गेल्याचे पुढे उघड झाले. 2016 मध्ये ज्युरीने त्या मृत्यूंना बेकायदा मनुष्यवध म्हटले. 1993 मध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. 1999 च्या मॅकफर्सन अहवालाने संस्थेत मुरलेला वंशवाद दाखवला, आणि रस्त्यावर पडलेल्या त्या मुलाला आलेल्या पोलिसांनी नीट प्रथमोपचारही दिले नाहीत हे नोंदवले. 2021 मध्ये सेरा एव्हरार्डचा खून एका सेवेतल्या पोलिसाने केला. त्यानंतरच्या 2023 च्या केसी अहवालात दिसले ते असे, की चुकीचे वागणारे जवळच्यांना माहीत असतात आणि तरी कोणी बोलत नाही.

बोलणाऱ्याचे काय होते? तो पथकात एकटा पडतो. रेडिओवर ‘मदत हवी’ म्हटल्यावर आपले लोक धावून येतील का, ही शंका त्याला पोखरते. चाकूसमोर उभे राहायला काही सेकंदांची हिंमत लागते. ही दुसरी हिंमत पुढची दहा वर्षे रोज लॉकररूममध्ये न्यावी लागते. लोकांच्या अपेक्षेतला सर्वात मोठा बदल आम्हाला इथे दिसतो, आणि तो मागे फिरू नये असे मनापासून वाटते.

2025 मध्ये संसदेत मांडलेल्या ‘हिल्सबरो कायद्या’च्या विधेयकात सत्य सांगण्याचे बंधन आहे. सार्वजनिक पदावरील गैरवर्तनाचा जुना गुन्हा रद्द करून त्याजागी लिखित गुन्हे आणण्याचाही त्यात प्रस्ताव आहे. त्यांतला एक, मृत्यू किंवा गंभीर इजा रोखण्याचे कर्तव्य मोडण्याबद्दलचा. हे विधेयक कायदा झाले तर डायथॅम खटल्यातल्यासारख्या कॉन्स्टेबलसाठी हेच कलम असेल.

सुटीवर असलेल्या पोलिसाचे काय? आणि सामान्य माणसाचे?

कॉन्स्टेबलचे अधिकार ड्यूटी संपली म्हणून संपत नाहीत. लंडन ब्रिजवर चार्ली गेनिगॉल्ट सुटीवर असताना धावले आणि त्यांनाही जॉर्ज मेडल मिळाले. त्यांनी फोन करून मदत बोलावली असती आणि अंतर राखले असते, तरी तेही कर्तव्यात बसले असते. सामान्य माणसावर वाचवण्याचे सर्वसाधारण बंधन नाही. मदत करताना काही चुकले आणि दावा झाला, तर तो समाजाच्या भल्यासाठी किंवा धाडसाने वागत होता का, हे न्यायालयाने विचारात घेतलेच पाहिजे, असे 2015 चा कायदा सांगतो.

पोलिसांनी कर्तव्य टाळले असे वाटले तर तक्रार कशी करावी?

त्याच दिवशी लिहून काढा: वेळ, जागा, खांद्यावरचा क्रमांक, गाडीचा नंबर, घटना क्रमांक, साक्षीदार. आठवण दोन आठवड्यांत पुसट होते आणि तक्रारीत पहिली ओढाताण त्यावरच होते.

कॅमेऱ्याचे चित्रण लगेच मागा. पुरावा म्हणून राखून न ठेवलेले चित्रण साधारण 31 दिवसांत पुसले जाते. तक्रार नोंदवण्याआधीच ‘हे चित्रण जपून ठेवा’ असा ईमेल पाठवा, आणि स्वतःबद्दलची माहिती मिळण्याचा अर्ज वेगळा करा. त्याला उत्तर द्यायची मुदत एक महिना.

तक्रार त्या दलाच्या व्यावसायिक मानके विभागाकडे जाते. थेट किंवा ‘आयओपीसी’ या स्वतंत्र संस्थेच्या संकेतस्थळावरून, कशीही केली तरी ती आधी दलाकडेच पोहोचते, यात दचकू नका. पोलिसांच्या संपर्कानंतर मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर दलाला ते प्रकरण ‘आयओपीसी’कडे पाठवावेच लागते. निकाल पटला नाही तर पुनरावलोकनासाठी 28 दिवस असतात, निकालाच्या पत्राच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून. कोणाकडे अर्ज करायचा ते त्याच पत्रात लिहिलेले असते. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज फिरत राहतो आणि दिवस जातात.

‘पोलिस भित्रे होते’ असे लिहू नका. ‘2.29 ला मी धमकी सांगितली, 2.51 ला गाडी आली, मधल्या वेळात दर्जा कोणी आणि का बदलला’ असे लिहा. पहिल्या वाक्याला दल सहानुभूतीचे पत्र पाठवते. दुसऱ्याला उत्तर द्यायचे तर नोंदवही उघडावीच लागते.